पुढचं तिकीट मिळतं, परतीचं नाही

मागच्या अंकात ग्रहणावर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की कळसूबाईच्या माथ्यावरचं घड्याळ पायथ्याच्या घड्याळापेक्षा किंचित पुढे पळतं, आणि पुढे विषय सोडून दिला होता. ते एक वाक्य चांगलंच अंगाशी आलं. संपादकांनी मेल आणि व्हॉट्सॲपचा जो गठ्ठा पाठवला त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न टाइम ट्रॅव्हलचे, म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच देऊन टाकते. पंख्याच्या कपॅसिटरवाले आणि फ्रिजमधल्या बर्फावाले पुढच्या महिन्यात, रागावू नका.

मॅडम, टाइम ट्रॅव्हल म्हणजे एक्झॅक्टली काय आणि ते खरंच पॉसिबल आहे का? आमच्या क्लासचे सर म्हणतात असल्या फालतू गोष्टींत डोकं घालू नको, सीईटी बघ.
– बारावी सायन्स, संगमनेर

सीईटी बघच बाबा, तेवढं सरांचं बरोबर आहे. पण फालतू नाहीये रे हे.

आधी व्याख्या. काळात तर आपण सगळेच पुढे चाललोय, सेकंदाला एक सेकंद या स्पीडने, त्याला कोणी ट्रॅव्हल म्हणत नाही. ट्रॅव्हल कधी म्हणायचं, तर तू कुठेतरी फिरून आलास, तुझ्या मनगटावरच्या घड्याळात एक तास झालाय आणि घरच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन तास, दोन्ही घड्याळं चांगली आहेत, कुणाचा सेल उतरलेला नाही, मग तू घरच्यांच्या काळात एक तास पुढे उडी मारलीस. बस. मशीन, लाइटी, धूर वगैरे काही लागत नाही, दोन घड्याळांचा हिशोब जुळला नाही की झालं टाइम ट्रॅव्हल.

आणि हिशोब जुळत नाही हे आईनस्टाइनने १९०५ सालीच सांगितलं. जो वेगात जातो त्याचं घड्याळ हळू चालतं. मग १९१५ पर्यंत त्यात भर घातली की जो गुरुत्वाकर्षणात जास्त खोल बसलाय, म्हणजे पृथ्वीसारख्या जड वस्तूच्या जास्त जवळ आहे, त्याचंही हळू चालतं. घड्याळ म्हणजे इथे नुसते काटे नाहीत बरं का, हृदयाचे ठोके, दाढी वाढणं, दूध नासणं, सगळंच हळू, त्यामुळे ज्याचं हळू चालतंय त्याला स्वतःला काही म्हणजे काही कळत नाही, घरी येऊन शेजारी उभं राहिल्यावरच फरक दिसतो.

हे लोकांनी मोजलंय. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग नावाच्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी चार सीझियमची अणुघड्याळं, म्हणजे अणूंच्या ठोक्यांवर चालणारी अतिशय अचूक घड्याळं, घेतली आणि साध्या प्रवासी विमानांनी जगाला चक्कर मारून आणली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. घड्याळांसाठी सीटा बुक केल्या त्या चक्क 'मिस्टर क्लॉक' या नावाने. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून बघितलं तर पूर्वेला गेलेली साधारण ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेला गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आता तू म्हणशील दोन्हीकडे विमानाचा वेग सारखाच, मग एक मागे आणि एक पुढे कसं? तर पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरतेय ना, पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो वेग मिळतो, पश्चिमेला जाणाऱ्याचा वजा होतो, आणि वर उंचीमुळे दोन्ही घड्याळं थोडी पुढे पळतात ते वेगळंच. मोजमापातली थोडीफार चूक धरून सगळी बेरीज-वजाबाकी आईनस्टाइनच्या गणिताशी जुळली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण यात यान नाही, बोगदा नाही, विमानाचं तिकीट आहे.

याहून जुनी गोष्ट आपल्या मुंबईकराची आहे आणि ती शाळेत कोणी सांगत नाही. अवकाशातून येणारे किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळले की १०-१५ किलोमीटरवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने पळाले तरी साडेसहाशे मीटर जातील आणि फुटतील, जमिनीवर जवळपास कोणी पोचायलाच नको. पण पोचतात, आत्ता तुझ्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातोय. होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते, वय २८, आणि १९३८ मध्ये त्यांनी लिहिलं की असा फुटणारा कण म्हणजे एक घड्याळच समजा, तो वेगात असेल तर त्याचं फुटणं लांबणार. तेव्हा म्युऑन हे नाव पण ठरलं नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात आणि खाली गावात कण मोजून हे खरं निघालं. म्हणजे टाइम ट्रॅव्हलचे अगदी सुरुवातीचे मोजलेले प्रवासी माणसं नाहीत, घड्याळं पण नाहीत, हे कण.

तर उत्तर: पुढे जाता येतं, शंभर टक्के. मागचं खाली एका पानिपतवाल्यांनी विचारलंय, तिथे वाच.

हे सगळं नॅनो-बिनो ठीक आहे पण माझ्यासारख्याला याचा काय उपयोग? मी टेम्पो चालवतो.
– एक वाचक, नाशिक

दादा, तुमच्या डॅशबोर्डवर मोबाइल लावलेला असतो ना, मॅप चालू? मग तुम्ही रोज आईनस्टाइनला भाडं न घेता गाडीत बसवताय.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असतं. ते सतत ओरडत असतात की माझ्याकडे आत्ता इतके वाजलेत. तुमचा फोन कमीत कमी चार उपग्रहांचं ओरडणं ऐकतो, कोणाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून कोण किती लांब ते काढतो, आणि तुम्ही द्वारका सर्कलला आहात की पाथर्डी फाट्याला ते सांगतो. सगळा खेळ वेळेचा. आता वेगामुळे उपग्रहाचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं. वजा जाता ३८ पुढे. ३८ मायक्रोसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आत, पण तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो. एका दिवसाची ही चूक तशीच राहू दिली तर अंतराच्या हिशोबात एवढा घोळ.

यातला मजेदार भाग असा की १९७७ मध्ये याच कामासाठी एनटीएस-२ नावाचा उपग्रह वर सोडला तेव्हा काही इंजिनियर लोकांचा या गणितावर विश्वासच नव्हता. म्हणून त्यांनी दुरुस्ती करणारं सर्किट आत बसवलं खरं पण बंद ठेवलं, म्हटलं आधी बघू घड्याळ खरंच पळतं का. साधारण वीस दिवस बघितलं, पळत होतं, दिवसाला ३८ मायक्रोसेकंदच, गपचूप स्विच ऑन केला. आता घड्याळं जमिनीवरच मुद्दाम किंचित हळू लावून पाठवतात म्हणजे वर गेल्यावर बरोबर होतात. आपलं जीपीएससारखं नाविक आहे ना इस्रोचं, तिथलेही उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, हिशोब वेगळा पण करावा लागतोच.

आमचे पुण्याचे पाहुणे म्हणतात मुंबईत वेळ पुरत नाही आणि पुण्यात वेळ जात नाही. याला काही शास्त्रीय आधार?
– एक त्रस्त जावई, दादर

आधार आहे पण उलटा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, त्यामुळे पुण्याचं घड्याळ दादरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ५ नॅनोसेकंद पुढे पळतं. म्हणजे पुण्यात वेळ जातो, आणि मुंबईपेक्षा भरभर जातो. दुपारी एक ते चार झोपले तरी जातो. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, जपानी लोकांनी २०२० मध्ये टोकियोच्या स्कायट्री टॉवरवर ४५० मीटर उंच घड्याळ नेऊन ठेवलं आणि खालच्याशी ताडलं, दिवसाला ४ नॅनोसेकंदांच्या आसपास फरक आला. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत एक घड्याळ फक्त ३३ सेंटिमीटर वर उचलून फरक दाखवला होता. म्हणजे तुमचं डोकं तुमच्या पायांपेक्षा जास्त म्हातारं होतंय, उभं राहिलात की.

कळसूबाईचंही विचारलं होतं बऱ्याच जणांनी, १,६४६ मीटर, समुद्रकाठच्या घड्याळाच्या मानाने वर्षाला साडेपाच मायक्रोसेकंदांच्या जरा वर. आयुष्यभर माथ्यावर राहिलात तरी सेकंदाचा हजारावा भाग पण होणार नाही, तेव्हा कोणी वय वाढेल म्हणून ट्रेक कॅन्सल करू नका. (एका बाईंनी खरंच विचारलंय.)

माझी मुलगी ऑकलंडहून मंगळवारी रात्री निघाली आणि लॉस एंजेलिसला मंगळवारी दुपारीच उतरली. निघायच्या आधी पोचली! हे टाइम ट्रॅव्हल नाही का?
– एक आई, डोंबिवली

नाही हो. तिच्या हातातल्या घड्याळाला विचारा, ते बारा तास झाले म्हणेल, आणि तुमच्या स्वयंपाकघरातलंही बाराच म्हणेल. दोन्ही जुळले की विषय संपला. तारीख ही माणसांनी आपसात ठरवलेली गोष्ट आहे, सामोआ देशाने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, २९ नंतर एकदम ३१. आपल्याकडे तरी काय, १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबईत वेगळा 'बॉम्बे टाइम', ३९ मिनिटं मागचा, १९५५ पर्यंत चालू होता. त्याने कोणी तरुण राहिलं नाही.

रेवतीची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं असं म्हणायचं ना?
– एक आजी, रत्नागिरी

आजी, गोष्ट इतकी छान आहे की ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. ककुद्मी राजा आपल्या मुलीला, रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, म्हणाला हिच्यासाठी स्थळ सुचवा. तिथे गंधर्वांचं गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला. गाणं संपल्यावर यादी काढली तर ब्रह्मदेव हसले, म्हणाले अरे तू थांबलास तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, तुझ्या यादीतलं कोणी नाही, त्यांच्या नातवंडांचीसुद्धा नावं राहिली नाहीत, आता जा आणि बलरामाला दे. खाली आले तर माणसं बुटकी झालेली, रेवती उंच, मग बलरामाने नांगराने तिला खाली ओढून बरोबरीची केली. ते नांगराचं मला लहानपणी फार आवडायचं.

पण ठाऊक होतं का, तर मी नाही म्हणेन. दोन ठिकाणी काळ वेगळा चालू शकेल अशी कल्पना कुणीतरी केली, एवढं खरं, आणि कल्पना म्हणून ती थोरच आहे. मात्र किती वेगाला किती फरक हे गोष्टीत नाही, आणि ते असल्याशिवाय नाशिकच्या दादांचा मोबाइल चालत नाही. गोष्टीला गोष्टीचा मान द्यावा, तिच्या अंगावर पेटंटचा शिक्का मारायला गेलं की गोष्टही बिघडते.

रेवतीसारखा प्रवास करायचाच झाला तर हिशोब सांगते. आकाशात सर्वात ठळक दिसणारा व्याध तारा, अंतर ८.६ प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाही पोचायला ८.६ वर्षं लागतात. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने तिथे जाऊन लगेच फिरलात तर पृथ्वीवर सतरा वर्षं आणि वर चार-पाच महिने होतील, पण यानात अडीच वर्षंही नाहीत. बारशाला ज्या पणतूला पाळण्यात ठेवून गेलात तो कॉलेजला असेल आणि तुमचं लोणचं अजून मुरत असेल. अडचण एकच, त्या वेगाला नुसतं एक किलो वजन न्यायचं तर साधारण १५ हजार कोटी युनिट वीज लागते. बिल तुम्हीच काढा. माणसाने बनवलेली सगळ्यात वेगवान वस्तू म्हणजे पार्कर हे सूर्याकडे पाठवलेलं यान, डिसेंबर २०२४ मध्ये सेकंदाला १९२ किलोमीटर गेलं, आणि तेही प्रकाशाच्या वेगाच्या हजारात एक भागसुद्धा नाही.

शुभांशू शुक्ला अंतराळातून तरुण होऊन आले का?
– इयत्ता सहावी, वसई

तरुण होऊन नाही, पण आपल्यापेक्षा किंचित कमी म्हातारे होऊन आले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये ते अंतराळ स्थानकावर १८ दिवस होते. तिथे वेगाचा परिणाम उंचीच्या परिणामापेक्षा जास्त, म्हणून घड्याळ दिवसाला साधारण २५ मायक्रोसेकंद हळू. अठरा दिवसांचे मिळून अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा थोडे कमी, मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. गुणाकार तू कर आणि बाबांना दाखव.

ताई, मला फक्त एकदा १४ जानेवारी १७६१ ला जायचंय. विश्वासरावांना गोळी लागायच्या आधी. बाकी काही नको.
– एक वाचक, कोल्हापूर

विश्वास तर गेला पानिपतच्या लढाईत, असं आपण उगीच म्हणत नाही.

तुमच्यासारखी अकरा पत्रं आलीत आणि गंमत बघा, त्यातल्या एकालाही पुढे जायचं नाहीये, सगळ्यांना मागेच. आणि नेमकं मागचंच अवघड. अशक्य आहे असं सिद्ध झालंय का? नाही. गणितात त्याला जागा सापडते हे खरं दुखणं आहे. १९४९ मध्ये गोडेल नावाचा गणितज्ञ, आईनस्टाइनचा प्रिन्स्टनमधला फिरायला जायचा सोबती, त्याने आईनस्टाइनचीच समीकरणं घेऊन असं एक विश्व काढून दाखवलं की जिथे सरळ पुढे जात राहिलं की माणूस आपल्याच भूतकाळात येऊन पोचतो. मित्राच्या सत्तरीची भेट! पण त्या विश्वाला सगळं मिळून गरगर फिरावं लागतं, आणि आपलं तसं फिरताना दिसत नाही. मग १९८८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्महोलचा हिशोब मांडला. वर्महोल म्हणजे अवकाशातला बोगदा समजा, कसारा घाट चढायच्या ऐवजी डोंगरातून आरपार. त्याचं एक तोंड खूप वेगाने फिरवून आणलं की ते रेवतीसारखं तरुण राहतं, दुसरं म्हातारं होतं, आणि तरुण तोंडातून शिरलात की म्हाताऱ्या तोंडातून आधीच्या वेळी बाहेर. कागदावर बसतं. पण असा बोगदा आपोआप मिटतो, उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते, म्हणजे शून्याच्याही खालची, आणि ती प्रयोगशाळेत मिळते ती इतकी सूक्ष्म की बोगदा सोडा, सुईचं नेढंही उघडं राहायचं नाही.

आणि समजा मिळाली. समजा उद्या सकाळी कोणी तसा बोगदा बांधून फीत कापली. तरी तुम्हाला पानिपत नाही मिळणार, कारण या बोगद्यातून मागे जाता येतं ते तो बांधला त्या दिवसापर्यंतच, त्याच्या आधी नाही. रेल्वेरूळ टाकायच्या आधी गाडी कशी धावेल? म्हणजे २३०० सालचे लोक उद्याच्या सकाळी येऊ शकतील कदाचित, पण उद्याचे लोक १७६१ ला नाही. यावर मी वर्गात नेहमी थांबायचे, मुलांचे चेहरे पडायचे.

स्टीफन हॉकिंगने तर १९९२ मध्ये म्हटलं की निसर्गच असली यंत्रं तयार व्हायच्या क्षणी मोडून टाकत असणार, इतिहासाचं संरक्षण करायला. त्याला ते सिद्ध करता आलं नाही, पण त्याने एक पार्टी दिली. २८ जून २००९, केंब्रिज, फुगे, शॅम्पेन, पाटी लावली 'टाइम ट्रॅव्हलर्सचं स्वागत', आणि आमंत्रण पार्टी झाल्यानंतर जाहीर केलं म्हणजे भविष्यातून येऊ शकणाऱ्यालाच कळावं. कोणी आलं नाही. याला पुरावा म्हणत नाहीत हं, पण लग्नाला बोलावून एकही पाहुणा आला नाही तर आपण जे समजतो ते समजायला हरकत नाही.

आता उरला तो आजोबांचा पेच. तुम्ही गेलात, विश्वासराव वाचले, लढाई जिंकली, मग पुढचा सगळा इतिहास वेगळा, तुमच्या पणजोबांचं लग्न त्या घरात झालंच नाही, तुम्ही जन्मालाच आला नाहीत, मग गेलं कोण? यावर दोन पळवाटा सुचवल्यात. एक रशियन शास्त्रज्ञ नोविकोव्हची, की मागे गेलात तरी जे घडलं तेच घडेल, तुम्ही गर्दीत धक्का द्याल आणि कदाचित त्या धक्क्यानेच ते गोळीच्या रेषेत येतील. दुसरी, की तुमच्या धक्क्याने इतिहासाला वेगळी फांदी फुटेल, तिथे मराठे जिंकतील, पण तुम्ही ज्या फांदीवरून निघालात तिथे काही बदलणार नाही. दोन्हीकडे बघा, आपलं पानिपत हरलेलंच.

मूकपटाच्या काळातल्या एका व्हिडिओत बाई मोबाइलवर बोलताना दिसते, हा फॉरवर्ड खरा का?
– तीन जणांनी वेगवेगळा पाठवला

ते १९२८ चं फुटेज, एका सिनेमाच्या प्रीमियरचं. कानाला हात लावलेला दिसतो, हातात बहुतेक त्या काळातलं बहिऱ्यांचं यंत्र. आणि मोबाइल असेल तर टॉवर कुठे होता हो? पुढे.

मी सायन्सवाली नाही. आई जाऊन साडेआठ वर्षं झाली. कुठल्यातरी ताऱ्यावरून पाहिलं तर पृथ्वीवरचं जुनं दिसतं असं वाचलं, मग ती अजून कुठेतरी दिसत असेल का? तिने जात्यावरच्या ओव्या म्हणलेली एक कॅसेट आहे, पण प्लेअर नाही.
– एक वाचक, बार्शी

वाचलंत ते बरोबर आहे. सूर्य आपल्याला दिसतो तो आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वीचा, देवयानी दीर्घिका, म्हणजे शेजारची आकाशगंगा, दिसते ती २५ लाख वर्षांपूर्वीची. उलटही तसंच. ती अंगणात असताना उन्हाचा जो प्रकाश तिच्यावरून वर गेला तो आता त्याच व्याधाच्या आसपास पोचत असेल, फक्त इतका पसरून, इतका विरळ होऊन की कुठल्याही दुर्बिणीला अंगण वेगळं दिसणार नाही. आणि तो गाठायचा तर त्याच्यापेक्षा जोरात पळायला हवं, ते होत नाही. आरसा आधीच लावलेला असता तर गोष्ट वेगळी. असे आरसे चंद्रावर आहेत, अपोलो ११ च्या लोकांनी १९६९ मध्ये ठेवलेले, अजून चालतात, पृथ्वीवरून लेझर मारला की अडीच सेकंदांनी परत येतो. माणसाने लावलेल्या आरशात मागचं बघायची आपली मजल साधारण अडीच सेकंदांची.

पण कॅसेट आहे म्हणता. मग ऐका, तिच्या आवाजाने त्या दिवशी हवा जशी हलली त्याची खूण त्या टेपवर अजून असेल, ती जाऊ देऊ नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून बघा, टेपवर पांढरी बुरशी दिसते का. दिसली तर कुठल्याही प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, टेप चिकटते, तुटते. नसेल तर पेन्सिलीने एक-दोन वेढे हलक्या हाताने फिरवून बघा, मोकळी फिरली पाहिजे, आणि आतली छोटी स्पंजची गादी पडलेली नाही ना तेही. सोलापुरात नाहीतर पुण्यात कॅसेटचं डिजिटल करून देणारे असतात, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना विचारलं की पत्ता लागतो. समोर बसून करून घ्या, ओरिजिनल कॅसेट त्यांच्याकडे ठेवून येऊ नका, आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा.